शिकायत केंद्राचा अर्धा तास

विजेच्या कंपनीत नोकरी केलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत कोणी सुखानं जेवू देत नाही. शेजारी बसलेला पाहुणा पहिल्या घासाला नाव विचारतो, दुसऱ्याला गाव, आणि तिसऱ्या घासाला म्हणतो, "मग आमच्याकडे सारखी लाइट का जाते हो?" मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी अजून आमच्या धारला दिवे गेले की घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघतात, जसं काही बटण मी खिशात घालून हिंडतोय.

इथल्या मराठी समाजाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या नोकरीतल्या गमती लिहा" असा निरोप आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गमती पुष्कळ होत्या. लिहायला बसलो आणि थोडं लिहून झाल्यावर अडलो. एका टेलिफोनवर अडलो. तो टेलिफोन पुढे येईलच, आणि खरं तर त्याच्याचसाठी हा सगळा मजकूर आहे. पण आधी माझा धंदा काय होता ते सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

माझी जवळजवळ सगळी नोकरी देवासच्या एका सबस्टेशनवर गेली. हुद्दा ऑपरेटर. यार्डातले मोठे स्विच बंद-चालू करायचे, मीटरचे आकडे उतरवायचे, आणि त्याच खोलीत ठेवलेला शिकायत केंद्राचा, म्हणजे लाइट गेल्याच्या तक्रारींचा, फोन उचलायचा. पहिली दोन कामं मला मनापासून आवडत. मोठा स्विच बसताना जो ठण्ण आवाज होतो आणि मागोमाग गावातून एक बारीकसा आनंदाचा गलका उठतो, तो ऐकण्यासाठी मी पगाराशिवायसुद्धा थांबलो असतो. तिसऱ्या कामाबद्दल तसं म्हणता येणार नाही.

लोकांना वाटतं, वीज नळाच्या पाण्यासारखी येते, कोणीतरी तोटी सोडत नाही एवढंच. ती येते झाडासारखी. मुख्य लाइन म्हणजे खोड. सबस्टेशनातून निघणारे फीडर म्हणजे फांद्या. गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर असतो ती डहाळी, आणि तुमचं घर म्हणजे पान. आंधीत खोडच मोडलं, तर पानाशी कोणी येऊन काही उपयोग नाही. आधी खोड जोडायचं, मग फांदी, मग डहाळी. पण पानावर बसलेल्या माणसाला खोड दिसत नाही. त्याला दिसतो त्याच्या दारातला खांब, आणि त्या खांबावर कोणीच चढलेलं नसतं. तो म्हणतो, सगळे झोपलेत. खरं तर आमचे लोक तेव्हा गावाबाहेर चिखलात, कोणाच्या तरी शेतात, पडलेला खांब दोर लावून उभा करत असतात. एकदा हे मी आमच्या शेजारच्या मावशींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आमच्याच फांदीवर माकडं जास्त आहेत का?"

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. लाइनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. परमिट म्हणजे, ही लाइन माझ्यासाठी बंद आहे, आणि मी स्वतः येऊन 'सगळे खाली उतरले' असं सांगेपर्यंत कोणी ती चालू करायची नाही. साहेबानं फोन केला, नेत्यानं केला, तरी नाही. माझ्या सगळ्या नोकरीत परमिट परत आल्याशिवाय माझ्या हातानं एकही लाइन चालू झाली नाही. हे मी जरा छाती काढून सांगतो, कारण छाती काढण्यासारखं पुढे फारसं काही नाही.

देवास हे गाव मुळात दोन राज्यांचं. थोरली पांती आणि धाकटी पांती, एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राजे. राज्यं गेली, पण आमच्या फीडरनी ती परंपरा चालू ठेवली. काही रस्त्यांवर एका बाजूला एक फीडर, दुसऱ्या बाजूला दुसरा. आंधीनंतर एका बाजूला पंखे फिरायला लागले की समोरच्या बाजूचे लोक ओट्यावर येऊन उभे राहत आणि मला फोन करत. "क्यों भिया, हम दूसरे राजा की प्रजा हैं क्या?"

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ इंदूरहून फोन करून विचारायचे, "मेरे घर लाइट आई क्या? देख के बताओ." एक काकू फक्त मिक्सर फिरेपर्यंत लाइट सोडा म्हणायच्या, चटणी झाली की बंद करा, आमची काही तक्रार नाही. एका हलवायाचा मावा खराब होत होता, तर तो फोन न करता कढईच घेऊन सबस्टेशनात आला, आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "सूँघो." एका लग्नघरच्यांनी वरात निघण्याआधी आम्हा सगळ्यांसाठी दाल-बाफले पाठवले. त्यांचा फीडर आधीच चालू झालेला होता. हे आम्ही त्यांना बाफले संपल्यावर सांगितलं.

आता त्या अर्ध्या तासाकडे येतो.

मी नोकरीत नवा असताना, लाइट गेल्यावर एकानं फोन करून विचारलं, कब आएगी? मी खरं ते सांगितलं, की आज नाही येणार. थोड्याच वेळात तो माणूस मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस जणांना घेऊन दारात हजर. आज नाही म्हणजे काय, का नाही, कोणी सांगितलं, साहेब कुठे आहे? ते गेल्यावर आमच्या जुन्या ऑपरेटरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "भिया, मना मत किया करो. मना करोगे तो आदमी यहाँ आएगा. आधा घंटा बोलोगे तो आदमी घर बैठेगा."

एवढंच ते शास्त्र. आदेश वगैरे काही नव्हता. पुढे लोक मला विचारत, तुम्ही सगळे अर्धाच तास का सांगता, तेव्हा मी म्हणत असे, वरून तसं सांगायला लावतात. आमच्या कुसुमलासुद्धा, म्हणजे माझ्या बायकोला, मी तेच सांगितलं होतं. ते खोटं होतं. वरून कोणी कधी लेखी दिलं नाही, तोंडी सांगितलं नाही. तो अर्धा तास आम्ही खोलीतल्या लोकांनीच तयार केला होता, आमच्या दारात गर्दी होऊ नये म्हणून. एकानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं मला, आणि मी माझ्यामागून आलेल्यांना. हे एकदा स्वच्छ लिहायचं होतं, ते लिहिलं.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. जेठ महिना, दुपारी आकाश पिवळं झालं आणि अशी आंधी आली की यार्डात मला समोरचा माझा स्वतःचा स्विच दिसेना. कुठून तरी पत्रा उडत येऊन आमच्या जाळीवर आदळला. मग गारा. मग एकदम सगळं बंद. यार्डातला तो सततचा घूं घूं आवाज थांबला की कान दुखल्यासारखे होतात.

आमचा लाइनमन भेरूलाल मोटरसायकल घेऊन लाइन बघायला निघून गेला. मूळचा हाटपिपल्याकडचा, बोलायला मोठा रसाळ माणूस. संध्याकाळच्या सुमारास त्याचा मोबाइलवर फोन आला. "बाबूजी, खंबे तो ऐसे पड़े हैं जैसे बरात में पी के सोए हों. पूरी लाइन की लाइन. आज तो भूल जाओ. कल शाम तक हो जाए तो माताजी की किरपा."

म्हणजे मला माहीत होतं. खोड मोडलेलं आहे आणि आज काही होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. इकडे शिकायत केंद्राचा फोन थांबत नव्हता आणि मी प्रत्येकाला अर्धा तास, अर्धा तास म्हणत होतो. तोंडाला सवय झाली की मन दुसरीकडे असलं तरी चालतं. मी मनात उद्याच्या कामाची जुळवाजुळव करत होतो.

त्यात एका बाईंचा फोन आला. हिंदीच बोलत होत्या. मी विचारलं, "हाँ जी, कहाँ से?" त्यांनी गल्ली सांगितली. नाव विचारलं तर पागनीस म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यावरून वाटतंय. तुम्ही मराठी का हो?"

"हो," मी म्हटलं.

"मग बरं झालं. ऐका, भाऊ. आमच्या ह्यांचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. सिलिंडर आहे, पण त्यात थोडंच उरलंय. घरी थांबू का दवाखान्यात हलवू? खरं काय ते सांगा."

मी म्हटलं, "अर्धा तास, ताई. येतेच आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या वेळी माझ्यामागे कोणी साहेब उभा नव्हता. समोर गर्दी नव्हती. मी रागावलेलो नव्हतो की घाबरलेलो नव्हतो. फोन ठेवल्यावर, मी काय बोललो ते माझ्याच कानात पुन्हा वाजलं. मी परत फोन करू शकत नव्हतो, त्यांचा नंबर मला दिसत नव्हता. पण गल्ली ठाऊक होती, आडनाव ठाऊक होतं. एखाद्या माणसाला पाठवता आलं असतं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, मी तो उचलला आणि कोणाला तरी म्हटलं, आधा घंटा.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आमची माणसं शेतात खांब उभे करत होती. त्या दिवसाचं काम बघायला हवं होतं. चिखलात गाडी रुतत होती म्हणून खांब खांद्यावर वाहिले. जेवायला कोणी वर आलं नाही. आणि दुपारी भेरूलाल सामान न्यायला गावात आला, तर चौकात लोकांनी त्याला गाठलं. "कल से आधा घंटा, आधा घंटा! सो रहा था क्या?" गाडी ढकलून नालीत पाडली. तो सबस्टेशनात आला, माठातलं पाणी प्यायला आणि फाटलेली बाही माझ्यासमोर टेबलावर पसरून म्हणाला, "देख लो बाबूजी. आपका आधा घंटा आज मेरी बाँह में से निकला."

संध्याकाळी मुख्य लाइन चालू झाली. मग फीडर, मग एकेक गल्ली. त्या पागनीसांच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर भेरूलालनंच चालू केला. परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडे सगळं ठीक ना? तो म्हणाला, "एक घर पे ताला है. पड़ोसी बोल रहे थे, बूढ़े बाबा की हालत बिगड़ गई, अस्पताल ले गए."

कोणाचं घर, ते मी विचारलं नाही.

मग श्रावणात पेपरमध्ये उठावन्याची सूचना दिसली. आमच्याकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी लोक बसायला येतात, त्याची वेळ पेपरात देतात. आडनाव तेच, गल्ली तीच. मी हिशेब मांडला. उशिरा हलवलं असणार, त्यातून ते उठलेच नाहीत, आणि शेवटी गेले. हा हिशेब मी कोणाला दाखवला नाही, म्हणून कोणी तपासलाही नाही.

मुलाची नोकरी धारला होती, ते निमित्त करून मी बदली मागून घेतली. धारला साहेबांना सांगितलं, फोन सोडून काय वाटेल ते काम द्या. मला यार्ड दिलं. पावसाळ्यात मांडूला माणसं लोटतात, नालछ्याकडचा फीडर गेला की हॉटेलवाल्यांचे फोनवर फोन येत. ते दुसरा ऑपरेटर घ्यायचा. आतून त्याचा 'आधा घंटा' ऐकू आला की मी उगीच यार्डाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुंपण बघत उभा राहायचो.

तर ह्या टेलिफोनवर माझं लिहिणं अडलं होतं. आठवडाभर कागद तसेच पडलेले पाहून कुसुमनं विचारलं, तेव्हा इतक्या वर्षांनी तिला सगळं सांगितलं. तिनं कागद उचलून चाळले. मग म्हणाली, "हे छापून आणणार?"

"लिहून मोकळं व्हावं म्हणतो."

"आणि त्यांच्या घरात कोणी अंक वाचला तर? त्या बाईंनी हे छापील वाचावं का? आधी जाऊन तोंडानं सांगा. मग छापा."

"त्यांनी हाकलून दिलं तर?"

"तर हाकलून दिलं असं लिहा," ती म्हणाली आणि माझी पिशवी भरायला उठली.

धारहून इंदूर, इंदूरहून देवास. बसमध्ये मी वाक्यं पाठ करत होतो. मी अमुक, विजेच्या कंपनीत होतो, तुमच्या यजमानांच्या बाबतीत माझ्याकडून. पुढचं वाक्य दर वेळी वेगळं होत होतं. देवासची देवीची टेकडी दिसायला लागली तेव्हा परत फिरावं असंही मनात आलं. त्या गल्लीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण ट्रान्सफॉर्मर मात्र लगेच ओळखला. कागदावर त्याचं नाव मी कितीतरी वेळा लिहिलं होतं.

दार चाळिशी उलटलेल्या एका माणसानं उघडलं. तो श्रीकांत, पागनीसांचा मुलगा. "अंकल, कोण हवंय?"

मी म्हटलं, "तुमच्या आई आहेत का? मी धारहून आलो. पूर्वी इथल्या विजेच्या सबस्टेशनवर होतो."

"आई, लाइटवाले कोणी अंकल आलेत," त्यानं आत हाक मारली. "बसा ना अंकल, चप्पल राहू द्या."

मी चप्पल बाहेर काढून आत गेलो. त्याच्या आई, सुमतीबाई, खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण नजर कडक. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. आंधी, तो फोन, त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि उत्तर देताना मला खरं काय ते माहीत होतं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही, पण काही राहिलंही नाही. शेवटी म्हटलं, "ताई, मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही वेळेवर हलवलं असतं. ते माझ्यामुळे गेले, असं मी मानत आलोय."

त्यांच्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. मग त्या एकदम म्हणाल्या, "तो तुम्ही होय!" आणि मुलाकडे वळल्या. "अरे श्रीकांत, हे ते अर्धा तासवाले!"

श्रीकांत हसायलाच लागला. मला काही समजेना.

"अंकल, तुम्ही आधी बसा," तो म्हणाला. "आई फोन ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, अर्धा तास म्हणतायत, गाडी बघ. मी तर तसाच धावत बाजूवाल्या भियाची व्हॅन मागून आणली. सिलिंडर संपायच्या आत बाबा अस्पतालमध्ये. मजेत होते. तिथल्या नर्सला विचारत होते, इथे कूलर आहे का."

"पण मी तर सांगितलं होतं की येतेच आहे."

"म्हणूनच तर!" सुमतीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्या कंपनीचे दिवे वापरतोय, तुमची भाषा आम्हाला येत नव्हती का? 'लाइन पे आदमी गया है' म्हणजे दिवेलागणीपर्यंत येईल. 'फॉल्ट ढूँढ रहे हैं' म्हणजे पाणी भरून ठेवा आणि लवकर जेवून घ्या. आणि 'आधा घंटा' म्हणजे आज विसरा. साऱ्या गल्लीला पाठ होतं. पोरंटोरंसुद्धा 'आधा घंटा' ऐकलं की गच्चीवर गाद्या टाकायला पळायची."

"शेजारी म्हणाले, हालत बिघडली होती."

"शेजारी म्हणणारच. शेजाऱ्यांना दुसऱ्याची हालत बिघडलेलीच आवडते. लाइट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना घरी आणलं. घरी आल्या आल्या मला म्हणाले, त्या सरकारी वरणापेक्षा अंधार बरा होता."

"मग श्रावणात?"

"श्रावणात गेले ते तुमच्या आंधीनं नाही, स्वतःच्या हट्टानं. नाकातली नळी काढून गच्चीवर जायचे आणि चोरून बिडी ओढायचे. डॉक्टर हात टेकून बसला होता. शेवटच्या दिवशी श्रीखंड मागून घेतलं, दोन वाट्या खाल्लं, दुपारी झोपले ते झोपले. मी म्हणते, असं मरण मागून मिळत नाही."

मी खुर्चीत टेकलो. श्रीकांतनं पाण्याचा पेला हातात दिला, तो मी किती वेळ नुसता धरून होतो कोण जाणे. आणि मला काय आलं म्हणाल, तर चक्क हसू. मी माझ्या शब्दाला काय किंमत देऊन बसलो होतो! त्या शब्दानं एक माणूस मेला असं मी मानत होतो. आणि गावात त्या शब्दावर विसंबून कोणी गॅसवरचा चहासुद्धा उतरवला नसता.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "कोणाचाच विश्वास नव्हता, तर मग आमच्या भेरूलालची बाही का फाडली लोकांनी?" आणि ती गोष्ट त्यांना सांगितली.

"खोटं आहे हे ठाऊक असलं तरी खोटं सांगितल्याचा राग येतोच की," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत बसलेले. तो हाताशी सापडला."

भेरूलाल निवृत्त होऊन गावी शेती करतो. त्याला हे मी फोन करून सांगणार आहे. तो काय म्हणेल त्याचा अंदाज आहे, आणि तो अंकात छापण्यासारखा नाही.

सुमतीबाईंनी मेथी बाजूला ठेवली. "आता माझंही ऐका. तुम्ही एवढे लांबून आलात, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून अर्धंच सांगून पाठवणार नाही. विश्वास नव्हता, तर मग मी फोन कशाला केला होता?"

मी पेला खाली ठेवला.

"माझ्याआधी श्रीकांतनं फोन केला होता. त्यालाही आधा घंटाच सांगितला होता तुम्ही. त्यात विशेष काही नाही. पण तो म्हणाला, उधर कोई मराठी लगता है. म्हणून मी परत लावला. मला वाटलं, आपल्या माणसाला आपल्या बोलीत विचारलं तर एकदा तरी कोणी नाही म्हणेल. म्हणजे मला निदान घाई किती करायची ते कळेल, ह्यांना अंधारात कसं हलवायचं ते ठरवता येईल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मराठीतसुद्धा अर्धा तासच म्हणालात. ह्यांना काही झालं नाही. पण ते मला लागलं होतं. त्यानंतर मी शिकायत केंद्राला कधी फोन केला नाही."

श्रीकांत म्हणाला, "जाने दे ना आई, किती जुनी गोष्ट आहे."

"जुनी असली तरी ते मुद्दाम त्याच्याचसाठी आलेत ना? मग पुरी सांगायला हवी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "बरोबर आहे, ताई. नाही म्हणायला मला काही लागत नव्हतं. नाही म्हटलं की पुढे बोलावं लागतं, एवढंच. अर्धा तास म्हटलं की फोन संपतो." हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. त्यांनी मान हलवली. माफ केलं वगैरे त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. चहा आला, तो आम्ही घेतला. त्यांनी धारमधल्या कोणाकोणाची चौकशी केली, दोन घरं ओळखीची निघाली. अंकात लिहिणार आहे, पण कुसुमनं आधी इथे पाठवलं, असं म्हटल्यावर म्हणाल्या, "लिहा. बिडीचंही लिहा, आमच्या नातवंडांना त्यांचे आजोबा फार साधू वाटतात." मग स्वतःच म्हणाल्या, "पण ती कुठली वाचतायत मराठी. श्रीकांतलाच त्यांना वाचून दाखवावं लागेल."

परतीची बस गाठायची होती. मी उठलो, दारापाशी गेलो आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे म्हटलं, "येतो, ताई."

"परत कधी येणार?" त्यांनी विचारलं. "कुसुमबाईंना घेऊन या. आता ओळख झालीय."

"हो, हो, पुढच्या महिन्यात," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कोणीही तेच म्हणतं. त्यात खोटेपणा आहे असं कोणी मानतही नाही. मी चप्पल घालता घालता थांबलो.

"ताई, खरं सांगू? नाही होणार येणं. माझे गुडघे गेलेत, कुसुमला बसचा प्रवास सोसत नाही. आज आलो तेच फार झालं. बहुतेक आपली ही एकच भेट."

श्रीकांतला ते बरं वाटलं नसावं, तो आईकडे बघायला लागला. सुमतीबाईंचा चेहरा मात्र खुलला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्या उठल्या.

"मग आधी सांगायचं नाही का? चहावर कसं पाठवू तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "चप्पल काढा. श्रीकांत, कुकर लाव. मेथी निवडून तयारच आहे, आता जेवूनच जायचं. बस काय, नंतरची मिळेल."

मी चप्पल काढली.